मोजा

मंगळवार, रात्री साडेअकरा

बंड्याने आज घरगल्लीच्या, म्हणजे दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळाच्या तोंडाशी उंदीर मारला. जॅक रसेल जातीचा कुत्रा आहे, मारणारच. पण ना भुंकणं, ना झटापट. मानेला धरलं, दोन झटके दिले, टाकला आणि लगेच पुढच्या बिळाशी नाक. मेलेल्याकडे वळूनही पाहिलं नाही.

रोज संध्याकाळी माझ्या मोज्याला तो देतो ते हेच दोन झटके. आम्ही हसतो. आईच्या मोबाइलमध्ये वीसेक व्हिडिओ असतील.

उंदराचं वाईट वाटलं नाही. (गिरगावात राहून उंदराची दया येणारा माणूस मला एकदा बघायचाय.) मोज्याचं वाटलं.

आधी कामं उरकली. हातमोजे घालून उंदीर पिशवीत भरला. बंड्याचे ओठ, हिरड्या, नाकाचा शेंडा टॉर्चने पाहिला, कारण उंदीर उलटून चावतो तो तिथेच. ओरखडा नाही. तोंड आणि पंजे धुतले. लेप्टोची (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाची) लस दरवर्षी देतो, यंदाचीही झालीय; पण ती या जंतूच्या ठरावीक प्रकारांवरच चालते. म्हणून दोनेक आठवडे ताप, उलट्या, जेवण टाकणं, डोळ्यांतला पिवळेपणा, लघवी कमी-जास्त होणं, सगळ्यावर लक्ष. दुसरी धास्ती सोसायटीने ठेवलेल्या ब्रोमॅडिओलोन या उंदीरमार विषाच्या वड्यांची. वडी खाल्लेला उंदीर कुत्र्याने गिळला तर रक्त गोठेनासं होऊ शकतं, आणि ते दिसायला तीन ते पाच दिवस जातात. तोवर कुत्रा मजेत. याने गिळला नाही, तरी वडीच्या पाकिटाचा फोटो डॉक्टरांना पाठवून ठेवला. उतारा व्हिटॅमिन के-१, पण तो मनाने द्यायचा नाही.

एवढं झालं आणि पुन्हा मोजा.

अंघोळ घालताना पुढच्या पायांमागे माझे दोन्ही पंजे त्याच्या छातीभोवती जुळतात. किती कौतुक मला त्याचं! ते माप कौतुकासाठी नव्हतंच. छाती दोन हातांत मावली तरच कुत्रा कोल्ह्याच्या बिळात शिरतो. पुढे डेव्हनमध्ये पाद्री झालेल्या जॉन रसेलने ऑक्सफर्डला शिकताना, १८१९ साली, एका गवळ्याकडून ट्रम्प नावाची कुत्री घेतली, तिच्यापासून ही जात. पांढरा रंगसुद्धा एवढ्यासाठी, की शिकारीच्या धावपळीत बाकीच्या कुत्र्यांनी यालाच कोल्हा समजू नये. आणि आपण काय पाहिलं? सहा किलो, तीस सेंटिमीटर, वन रूम किचनमध्ये मावेल. मी ज्याला लेकरू म्हणते तो... जाऊ दे.

फसवल्यासारखं वाटतंय. कोणी फसवलं, ते मात्र सांगता येत नाही.

मोजा बंद करू? मग उशी झटकेल. त्यापेक्षा दीड मीटरची काठी, तेवढीच दोरी, टोकाला चिंधी. गच्चीवर पाच मिनिटं पळवायचं, पकडू द्यायचं, झटकू द्यायचं. मग उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी. तोंड उघडलं की ‘सोड’, तुकडा द्यायचा आणि चिंधी लगेच परत. ही परत देण्याची पायरी मी कायम गाळली. सोडवला की मोजा कपाटात. त्यामुळे ‘सोड’ म्हणजे खेळ संपला, हे तो पक्कं शिकलाय. आज घरगल्लीत दोनदा म्हटलं, कान हलला, बास. आणि ओढायचं तर मुळीच नाही. ओढलं की पकड घट्ट.

तळमजल्यावरच्या काकू त्याला बिस्कीट द्यायला वर आल्या होत्या. पालिकेचे लोक रात्री काठ्या घेऊन उंदीर मारत फिरतात, म्हणाल्या, हा आपला बिनपगारी. मला हसू आलं. बंड्याने बिस्कीट न झटकता खाल्लं, हेही पाहिलं.

उंदराचं आईला कळलंय. मोज्याचं नाही सांगितलं. आत्ताच तिने मावशीला नवा व्हिडिओ पाठवला, खाली तीन हसरे चेहरे.