मालक गेला, मग पुढं काय? कण्णूर ते वडकरा

पनवेलला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसलं की कोकण, गोवा, कारवार, मंगळूर मागं टाकत गाडी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी कण्णूरला लागते. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारीत जावं. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या संथ चालतात. शिवाय मलबारच्या पावसात डांबराची कामं थंडावलेली असतात, आणि या प्रवासात रस्त्याचं काम नीट उभं राहून बघणं हा मुख्य कार्यक्रम आहे.

आपल्याकडं डाव्यांचा विषय निघाला की बोलणं लगेच निवडणुकीवर येतं. 2011 मध्ये बंगाल गेला, 2018 मध्ये त्रिपुरा गेलं, आता काय राहिलं? पण मालक नसताना हॉटेल कसं चालतं, बिडी कारखाना कसा चालतो, रस्ता कोण बांधतं, आणि हे सगळं नेमकं कुठं अडतं, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. कण्णूर ते वडकरा या पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात या तिन्हीची उदाहरणं ओळीनं बघायला मिळतात.

सुरुवात नाश्त्यापासून. इंडियन कॉफी हाउसचा मसाला डोसा उघडला की आत लालभडक भाजी दिसते, कारण बटाट्यात बीट घातलेलं असतं. 1957च्या सुमारास कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली आणि कामगारांना घरी बसवलं. तेव्हा कम्युनिस्ट पुढारी ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, सोसायटी काढा आणि हॉटेलं तुम्हीच चालवा. केरळातलं पहिलं 8 मार्च 1958 ला त्रिशूरमध्ये उघडलं. राज्यात दोन संस्था आहेत, त्रिशूरची आणि कण्णूरची. माणूस खालच्या कामावर लागतो आणि वाढपी, आचारी, मॅनेजर असा वर चढतो. वरून आणून बसवलेला साहेब नाही. हे इतकी वर्षं टिकलं याचं एक साधं कारण आहे. धंदा रोखीचा, भांडवल थोडं, गिऱ्हाईक खाऊन उठलं की पैसे गल्ल्यात. जिथं माल विकून पैसे सहा महिन्यांनी येतात, तिथं सोसायटीचं काय होतं ते पुढं दिसतं.

पय्यांबलमच्या किनाऱ्यावर गोपालन आणि माजी मुख्यमंत्री ई. के. नायनार यांची स्मारकं आहेत. तिथं संध्याकाळी जावं, गर्दी असली तरी.

आता दिनेश बिडी. 1966 च्या बिडी-सिगार कामगार कायद्यानं कामाचे तास, पगारी रजा आणि कारखान्याचा परवाना बंधनकारक केला. कम्युनिस्ट मुख्यमंत्री ईएमएस नंबुद्रिपाद यांच्या सरकारनं तो केरळात लागू करायला घेतला, आणि 1968 मध्ये मंगळूरच्या बड्या मालकांनी कण्णूरकडची केंद्रं बंद करून टाकली. सुमारे 12,000 माणसं बेकार झाली. उत्तर म्हणून फेब्रुवारी 1969 मध्ये केरळ दिनेश बिडी ही सहकारी संस्था उभी राहिली. शेअर 20 रुपयांचा. त्यातला 1 रुपया कामगाराचा आणि 19 रुपये सरकारचं कर्ज, मजुरीतून हप्त्यानं फेडायचं. घडी अशी बसवली की मध्यवर्ती संस्था पान आणि तंबाखू खरेदी करते आणि माल विकते, तर प्राथमिक संस्था आपापल्या केंद्रांत बिडी वळून घेतात. घरी नेऊन वळायला द्यायचं नाही, हा सुरुवातीपासूनचा नियम.

हा नियम का, ते बिडी वळताना बघितल्याशिवाय कळत नाही. तेंदूची पानं आधी भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. पाणी कमी पडलं तर वळताना पान तडकतं, जास्त झालं तर बुरशी धरतं. मग पत्र्याचा साचा पानावर ठेवून, जाड शिरा टाळून, कात्रीनं कापायचं. मांडीवर सूप, त्यात एका कडेला जर्दा, म्हणजे बारीक केलेली तंबाखू. चिमूटभर जर्दा पानावर सारखा पसरायचा आणि बोटांच्या पेरांत फिरवून वळायचा. रुंद तोंड दुमडून दाबायचं, निमुळत्या टोकाकडं दोरा बांधायचा. 25 बिड्यांचा एक कट्टा. हजार बिड्यांना सव्वादोनशे ते तीनशे ग्रॅम तंबाखू आणि साधारण अर्धा किलो किंवा थोडं जास्त पान लागतं. हात बसलेला माणूस दिवसाला आठशे ते हजार वळतो.

मजुरी कापायची जागा या "साधारण"मध्येच असते. घरी काम देणारा कंत्राटदार पान हलकं देतो, वजनात मारतो, आणि आणलेल्या मालातून छाट काढतो. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही. बिडी मात्र त्याच्याकडंच राहते आणि विकली जाते. कमी पडलेलं पान बाईनं पदरच्या पैशानं आणायचं. सोलापूरच्या कुठल्याही बिडी कामगार बाईला हे सांगावं लागत नाही. केंद्रात सगळ्यांसमोर वजन होतं, सगळ्यांसमोर मोजणी होते, आणि छाट ठरवणारा माणूस निवडून आलेल्या मंडळाला उत्तर देतो. मालकी बदलली म्हणजे प्रत्यक्षात काय बदललं, ते इथं काट्यावर दिसतं.

मलबारच्या बिडी केंद्रांतली आणखी एक जुनी रीत इथं रुजली. एकजण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा, बाकीचे ऐकत वळायचे. वाचणाऱ्याची बुडालेली मजुरी इतरजण आपल्या वाट्याच्या बिड्या देऊन भरून काढायचे. राजकीय शिक्षण म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी आधी हा हिशेब सांगेन.

1990च्या दशकात इथं तीस हजारांच्या वर माणसं होती, महागाई भत्ता, बोनस, प्रॉव्हिडंट फंड आणि बाळंतपणाच्या रजेसह. मग धंदाच आटला. स्वस्त मिनी सिगारेट आणि गुटखा आला. 1999 मध्ये केरळ उच्च न्यायालयानं सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी केली. शेजारच्या राज्यांतली घरोघर वळलेली, कमी मजुरीची बिडी बाजारात होतीच. आणि हेही सरळ बोललं पाहिजे की बिडी माणसं मारते, तंबाखूची धूळ वळणाऱ्याच्याही छातीत जाते. ही बंदी योग्यच होती.

संस्थेनं वेळेत वळण घेतलं. 1990च्या दशकाच्या शेवटापासून मसाले, लोणची, नारळाचं दूध, छत्र्या, तयार कपडे, पुढं संगणकाची कामं. माल चांगला आहे. मसाले आणि नारळाचं दूध जरूर आणावं. पण अडचण मालाच्या दर्जाची नाहीच. बिडीला बोटं लागतात आणि एक सूप. नारळाच्या दुधाला यंत्र, बाष्पक, शीतगृह आणि पॅकिंगची लाइन लागते. एका माणसामागं लागणारं भांडवल कित्येक पट वाढतं आणि माणसं मूठभर पुरतात. बिडीवरून उठलेल्या हजारो हातांना ही यंत्रं सामावून घेऊ शकत नाहीत. लोकांनी कामचुकारपणा केला म्हणून किंवा पुढाऱ्यांनी खाल्लं म्हणून सहकार बुडतो, असं आपण धरून चालतो. इथं तसं काही न होताही रोजगार आटला. मालकाला हटवता आलं, बाजाराला नाही.

कण्णूरहून दक्षिणेकडची पॅसेंजर पकडून खिडकीशी बसावं. तलश्शेरीच्या अलीकडं पिणरायी गाव आहे. डिसेंबर 1939 मध्ये तिथल्या पारप्रम भागात झालेल्या बैठकीत केरळच्या काँग्रेस सोशालिस्ट पक्षाची शाखा कम्युनिस्ट पक्षात गेली. आणि काँग्रेस सोशालिस्ट पक्षाची कल्पना कुठं शिजली? आपल्या नाशिकच्या तुरुंगात, जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन वगैरे मंडळी तिथं होती तेव्हा. नाशिकचा हा धागा इथवर येतो. पुढं माहे हा पुदुच्चेरीचा तुकडा लागतो, मग वडकरा.

वडकऱ्याजवळ मडप्पळ्ळीला उराळुंगल कामगार कंत्राटी सहकारी संस्थेचं कार्यालय आहे. सुरुवात 1925 ची. समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या आत्मविद्या संघात गेलेल्या, जातिभेद झुगारणाऱ्या लोकांना जमीनदारांनी काम देणं बंद केलं, तेव्हा चौदाजणांनी मिळून ही संस्था काढली. शंभर वर्षांनी तिच्याकडं हजारो कामगार आहेत. कोचीतला पालारिवट्टम उड्डाणपूल 2016 मध्ये खुला झाला आणि 2019 मध्ये धोकादायक म्हणून बंद करावा लागला. तो नव्यानं उभा करण्याचं काम उराळुंगलला मिळालं आणि सहा महिन्यांच्या आत, मार्च 2021 मध्ये, पूल वाहतुकीला खुला झाला. 2024 च्या भूस्खलनानंतर वायनाडमधल्या लोकांसाठी कल्पेट्ट्याला वसाहत बांधायचं कामही याच संस्थेकडं आलं.

हे कसं जमतं, ते गरम डांबराच्या ट्रकपाशी कळतं. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचं मिश्रण प्लांटमधून 150 ते 165 अंशांवर निघायला हवं, रस्त्यावर पसरताना 140 च्या खाली जाता कामा नये, आणि 90 अंशांच्या खाली उतरायच्या आधी रोलरचं काम संपलेलं हवं. ट्रक वाहतुकीत अडकला, ताडपत्री नीट झाकलेली नसली, की मिश्रण गार होतं. वरून काळंभोर गुळगुळीत दिसतं, पण आत पोकळ्या राहतात, पहिल्याच पावसात पाणी शिरतं आणि खड्डा पडतो. गार झालेला ट्रक परत पाठवणं म्हणजे हजारोंचं नुकसान. मुकादम नोकर असेल तर तो मालकाचा चेहरा आठवतो आणि ट्रक ओतून घेतो. इथले संचालक कामगारांतूनच निवडून येतात, प्रत्येकाच्या अंगावर ठरलेल्या साइट्स असतात, आणि दिवसाचं काम आटोपलं की एकत्र बसून काय चुकलं, कुठं माल कमी आहे, उद्या माणसं कुठं हवीत हे ठरवतात. मालात मारून नफा काढायचा नाही, हा संस्थेचा कणा आहे. तो मोडला तर हिच्यात आणि ठेकेदारात फरक उरत नाही. यंत्रं आणायची वेळ आली तेव्हाही वाद झाला. यंत्रं घ्यायची, पण सभासदाचं काम जाऊ द्यायचं नाही, या अटीवर तो मिटला. वाढाव्यातला मोठा भाग लाभांशात न वाटता यंत्रसामग्रीत घातला गेला. कुणाचंच काम जाऊ द्यायचं नाही हा हट्ट दिनेशच्या कामगारांना परवडण्यासारखा नव्हता, कारण रस्त्याच्या कामाची मागणी वाढत होती आणि बिडीची घटत होती.

दोन गोष्टी मात्र मला खटकतात. कामांचा मोठा गिऱ्हाईक सरकार आहे, आणि केरळात कामगार संस्थांना निविदेत प्राधान्य मिळतं. प्राधान्य काढलं तर काय, हा प्रश्न टांगलेलाच राहतो. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. साइटवर बंगाली, ओडिया, हिंदी ऐकू येते. काम करणारे सगळेच सभासद नाहीत. जो दोन वर्षांनी गावी परतणार आहे त्याला सभासद कसं करायचं, हे व्यवहारात सोपं नाही, मान्य. पण कामगारांच्या मालकीच्या संस्थेत मत नसलेले कामगार वाढत गेले तर शेवट काय होतो, ते महाराष्ट्रानं बघितलंय. 1950 मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला साखर कारखाना हे मोठंच काम होतं, पण सभासद ऊस उत्पादक. उचल घेऊन कोयता घेऊन येणारं जोडपं नाही. तो दरवाजा सुरुवातीलाच बंद राहिला आणि पुढं कुणी उघडला नाही. मुंबईत कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज 1980च्या दशकाच्या शेवटी कामगारांनी ताब्यात घेतली, तिथं सगळे सभासद होते. खेळतं भांडवल नव्हतं, तांबं रोखीनं घ्यायचं आणि ट्यूबचे पैसे नंतर यायचे. तीही टिकली नाही.

केरळातही सगळं आलबेल नाही. त्रिशूर जिल्ह्यातल्या करुवन्नूर सहकारी बँकेचा घोटाळा 2021 मध्ये उघड झाला आणि ठेवीदार रस्त्यावर आले. उराळुंगल दाखवताना तो झाकून ठेवणं बरोबर नाही.

वडकऱ्याहून थोडं पुढं इरिंगलला सर्गालय हे हस्तकला ग्राम आहे, जुन्या खाणीच्या जागेवर, नदीकाठी, चालवतं उराळुंगलच. कारागिरांना समोर काम करताना बघता येतं. संस्थेच्या कार्यालयात जायचं असेल तर आधी पत्र पाठवून वेळ घ्यावी. वाढावा किती हे तिथं विचारायची गरज नाही, तो अहवालात छापलेला असतो. साइटवरच्या शंभर माणसांपैकी किती सभासद आहेत, दहा वर्षांपूर्वी किती होते, आणि मागच्या महिन्यात किती ट्रक परत पाठवले, हे विचारावं.