काकांच्या खोलीतला सिगारेटचा वास

साताऱ्यातल्या शाहूपुरीतील आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत थोरले काका ३५ वर्षे बसत आणि दिवसाला किमान एक पाकीट सिगारेट ओढत. ते गेल्यानंतर दीड वर्ष घर बंद होते. पुण्याहून कायमचे परत येण्याचे ठरवून आम्ही ते उघडले, तेव्हा दार लोटताच काका नुकतेच उठून आत गेले असावेत, इतका तो वास ताजा वाटला.

आधी आठ दिवस दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवल्या, रोज संध्याकाळी धूप फिरवला, कपाटांत कापूर ठेवला. मार्गशीर्षाची कोरडी हवा होती, त्यामुळे वास गेला असे वाटले. रंगाऱ्याला भिंती आधी धुवाव्या लागतील का, असे मी विचारले, तेव्हा ‘रंगाखाली सगळे दबते’ असे उत्तर मिळाले आणि मी ते मान्य केले. आषाढात यवतेश्वराच्या बाजूने पाऊस उतरू लागला, हवा दमट झाली आणि छताच्या कडेने नव्या पांढऱ्या रंगातून चहाच्या रंगाचे ठिपके वर आले. वासही परतला. भाद्रपदात लेक पहिल्या बाळंतपणासाठी येणार होती, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी नुसत्या वासाचा राहिला नव्हता.

हा वास हवेत नसतो, तो वस्तूंवर बसलेला असतो, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. धुरातले डांबर आणि निकोटिन भिंती, छत, लाकूड व कापड यांवर चिकट थर धरतात आणि त्यातून पुढे कित्येक महिने थोडे थोडे हवेत मिसळत राहतात. दमट हवेत ते अधिक जाणवते. २०१० मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवून दिले की, असे साचलेले निकोटिन घरातील हवेत असणाऱ्या नायट्रस आम्लाशी संयोग पावते आणि त्यातून कर्करोगाला कारण ठरणारी नायट्रोसअमाइन्स तयार होतात. हे आम्ल गॅसच्या शेगडीच्या ज्वलनातूनही निर्माण होते. जमिनीवर रांगणारे आणि हाती येईल ते तोंडात घालणारे मूल अशा घरात वाढणार, हे वाचल्यावर मी धूप आणि सुगंधी फवारे बंद केले.

नवा डिस्टेंपर खरवडून काढला. भिंतीवरचे जुने घड्याळ उतरवले, तर त्याच्यामागे मूळ रंगाचे लख्ख पांढरे वर्तुळ होते आणि भोवतालची सगळी भिंत वाळलेल्या तंबाखूच्या पानासारखी पिवळट होती. बादलीभर कोमट पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून, हातमोजे घालून, मुख्य स्विच बंद करून आम्ही भिंती खालून वर धुतल्या, कारण वरून सुरुवात केली की खालच्या कोरड्या भागावर ओघळांचे डाग बसतात. फडका पिळला की गडद तपकिरी पाणी निघे. तिसऱ्या दिवशी ते निवळले. सोडा डांबराचा चिकटपणा सोडवतो. निकोटिन स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे त्यासाठी नंतर व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने एक हात फिरवावा आणि मग साध्या पाण्याने पुसावे. दोन्ही एकत्र केल्यास एकमेकांचा परिणाम मारतात. व्हिनेगरमध्ये ब्लीच तर कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

छत आणि पंख्याची पाती विसरू नयेत. धूर वरच चढतो, त्यामुळे सर्वांत जाड थर तिथेच होता.

पावसाळ्यात भिंती वाळायला पंधरा दिवस पंखे चालू ठेवावे लागले. त्यानंतर ऑइल प्रायमरचा हात दिला आणि मगच रंग लावला, कारण पाण्यात कालवलेला रंग थेट लावला की उरलेले निकोटिन त्यातून पुन्हा वर येते. पडदे दोनदा धुतले. कापसाच्या गाद्या मात्र धुता येत नाहीत. त्या आणि सोफ्याचा फोम टाकून दिला. काकांच्या आरामखुर्चीचे कापड बदलले, सागवानी सांगाडा पुसून ठेवला, तो टाकवेना. त्यांची पुस्तके झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत, कोळशाच्या पुरचुंड्यांसह महिनाभर बंद ठेवली. वास बराच कमी झाला, पण पूर्ण गेला नाही, म्हणून ती आता माडीवरच्या कपाटात आहेत. ओझोन सोडणारे यंत्र भाड्याने आणावे, असे एका नातलगाने सुचवले होते, परंतु ओझोन फुप्फुसांना घातक असल्यामुळे मी ते घरात येऊ दिले नाही.

लेक आली त्या रात्री जोराचा पाऊस होता आणि खिडक्या बंद होत्या. खोलीत ओल्या मातीचा आणि तिच्यासाठी भाजलेल्या डिंकाचा वास होता. भिंतीतल्या देवळीचे लाकडी दार उघडले की मात्र काका अजून किंचित जाणवतात; त्याला दिवाळीपूर्वी घासून लाखेचे पॉलिश करायचे आहे.