पीएम होताना आडवं आलेलं एक अक्षर

पोर्टलवर 'असेसमेंट – होल्ड' अशी पिवळी पट्टी आली की पुढे काय करायचं, हे आमच्या कंपनीच्या कुठल्याही हँडबुकात लिहिलेलं नाही. टेक लीडचा प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे पीएम, व्हायचं तर अर्ज, मॅनेजरची शिफारस, ऑनलाइन परीक्षा, व्यक्तिमत्त्व चाचणी आणि शेवटी पॅनेलसमोर मुलाखत, असा क्रम सांगतात. परीक्षा आणि शिफारस कधी झाली हे मला आता धड आठवतही नाही. ती पिवळी पट्टी मात्र अजून डोक्यात जाते. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, कुठे ना कुठे याच पट्टीकडे बघत बसलेले बरेच जण असतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं स्वतःचं डोकं शांत व्हावं म्हणूनही.

चाचणी होती एमबीटीआय, म्हणजे मायर्स-ब्रिग्ज टाइप इंडिकेटर. आयटीत राहून ती कुणाला माहीत नाही असं होणार नाही. चार जोड्या असतात: बहिर्मुख की अंतर्मुख (ई किंवा आय), हातातला तपशील बघणारे की त्यामागचं चित्र शोधणारे (एस किंवा एन), निर्णय तर्काने घेणारे की माणसं बघून (टी किंवा एफ), आणि सगळं आधी ठरवून टाकणारे की शेवटपर्यंत मोकळं ठेवणारे (जे किंवा पी). प्रत्येक जोडीतलं एक अक्षर तुमच्या वाट्याला येतं आणि सोळापैकी एक प्रकार तुम्हाला चिकटतो. मला चिकटला आयएनटीपी.

प्रश्न साधेच असतात, पण उत्तर देताना माझी पंचाईत झाली. ठरवून चालता की वेळेला सुचेल तसं करता, या धाटणीचे प्रश्न. आता घरी भाजी कोणती करायची हे मी फ्रीज उघडल्यावर ठरवते. प्रवासाचं बुकिंग नवरा करतो, मी बॅग आदल्या रात्री भरते. आणि ऑफिसात? माझ्या रिलीजच्या (नवं सॉफ्टवेअर चालू करण्याच्या) चेकलिस्टमध्ये डेटाबेसचा बॅकअप कोण घेणार, तो उघडून कोण बघणार, रोलबॅकचा, म्हणजे जुन्यावर परत जायचा, निर्णय किती वाजता घ्यायचा, सगळं नावानिशी लिहिलेलं असतं. सूचनेत म्हटलं होतं, कामापुरतं बघू नका, स्वभावतः जसे आहात तसं लिहा. मी तसं लिहिलं. म्हणजे घरातल्या भाजीवरून ऑफिसातलं पद ठरणार होतं!

मग पिवळी पट्टी आली.

पोर्टलवर तक्रारीचं तिकीट टाकलं. 'आपली विनंती संबंधित टीमकडे पाठवली आहे.' संबंधित टीम म्हणजे कोण, ते नाही. काही दिवसांनी तिकीट आपोआप 'रिझॉल्व्ह्ड' झालं आणि मेल आला, आमच्या सेवेला किती तारे द्याल? एक तारा दिला. एक तारा दिला की कारण विचारतात. कारण लिहिलं. त्या कारणाचं नवं तिकीट तयार झालं आणि यथावकाश तेही 'रिझॉल्व्ह्ड' झालं. मधल्या काळात माझ्याबरोबर अर्ज केलेल्या दोघांचं पॅनेल होऊनसुद्धा गेलं. कँटीनमध्ये जो भेटेल तो विचारायचा, "तुझं काय झालं गं?"

शेवटी उठून टॅलेंट टीमच्या मजल्यावर गेले. समोरची मुलगी पंचविशीची, वागायला गोड. तिच्यावर माझा राग नाही, तिच्या हातात काहीच नव्हतं.

"मॅडम, सिस्टीममध्ये तुमचं अंबर दाखवतंय." अंबर म्हणजे तीच पिवळी पट्टी.

"ते मलाही दिसतंय गं. अंबर कशावरून?"

"ते आम्हाला नाही ना दिसत. रिपोर्ट व्हेंडरकडे असतो."

व्हेंडरला, म्हणजे चाचणी घेणाऱ्या बाहेरच्या कंपनीला, तिच्यासमोरच फोन लावला. तिकडून उत्तर, रिपोर्ट केव्हाच तुमच्या एचआरला दिलाय. ती म्हणाली, आला असेल तर सेंट्रल टीमकडे, बेंगळुरूला. बेंगळुरूचा माणूस म्हणाला, लोकल एचआरला विचारा. असं गोल फिरून झाल्यावर तिने आवाज खाली आणून मला सल्ला दिला, "मॅडम, पुढच्या सायकलला रीटेस्ट द्या ना. बरेच जण देतात. दुसऱ्यांदा येतो बरोबर."

येतो बरोबर! म्हणजे बरोबर उत्तर आहे, ते सगळ्यांना माहीत आहे आणि दुसऱ्या वेळी लोक ते लिहून येतात. आयटीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही कोणत्या प्रश्नावर काय टिक केलं की 'लीडर' दिसतो हे कळतं. माझ्या एका मित्राने प्रत्येक ठिकाणी लोकांत मिसळायला आवडतं असं ठोकून दिलं होतं. हा माणूस लिफ्टमध्ये कुणी ओळखीचं दिसलं तर जिन्याने जातो. त्याचं पॅनेल पहिल्याच फेरीत झालं.

तिच्या स्क्रीनवर तेवढ्यात एक एक्सेल उघडी होती आणि माझी नजर गेली. डावीकडे पद, उजवीकडे 'प्रिफर्ड टाइप'. पीएमसमोर ईएसटीजे आणि ईएनटीजे. आर्किटेक्टसमोर आयएनटीजे. टेस्टिंगसमोर आयएसटीजे. कुणीतरी सल्लागाराने कधीतरी बनवून दिलेली असणार, वर ना तारीख, ना सही. माझी पहिली आणि शेवटची, दोन्ही अक्षरं त्या रकान्यात बसत नव्हती. एवढ्यावर मी अंबर.

इथे एक सल्ला, नाहीतर विसरेन: रीटेस्ट देऊ नका. दिलीत की अक्षरावरून पद ठरतं हे तुम्ही मान्य केलंत.

मी उलट माझा स्वतःचा रिपोर्ट मागितला. चाचणी देणाऱ्याला निकाल समजावून सांगायला हवा, हे ही चाचणी चालवणाऱ्यांच्या स्वतःच्याच नियमांत आहे. हे वाक्य मेलमध्ये टाकल्यावर इतके दिवस कुणाकडेच नसलेला रिपोर्ट त्याच संध्याकाळी पीडीएफ होऊन आला. त्यात चार आडव्या पट्ट्या होत्या. अंतर्मुखतेची पट्टी लांब, तिच्यापुढे 'स्पष्ट'. ते खरंच आहे, वाद नाही. आणि जे-पी ची पट्टी? मधल्या रेषेच्या उजवीकडे नखाएवढी. पुढे लिहिलेलं, 'किंचित'. एकदोन उत्तरं इकडची तिकडे झाली असती तर अक्षर बदललं असतं. म्हणजे चाचणीनेच प्रामाणिकपणे 'किंचित' सांगितलं होतं, पण एक्सेलमध्ये 'किंचित'साठी रकाना नव्हता.

या चाचणीवरची जुनी टीका हीच आहे. बहुतेक माणसं दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात आणि ही मधोमध रेघ ओढते. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. मानसशास्त्राचे संशोधक त्यापेक्षा पाच स्वभावगुणांची पद्धत, बिग फाइव्ह, वापरतात. तिच्यात प्रकार नसतात, कमी-जास्त प्रमाण असतं. कामाशी सगळ्यात सातत्याने संबंध दिसतो तो त्यातल्या काटेकोरपणाचा, हातात घेतलेलं नीट तडीस नेण्याचा. 1991 साली बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून ते मांडलं. बहिर्मुखतेचा उपयोग मुख्यतः विक्री आणि मॅनेजरच्या कामात दिसला होता, हेही त्यातच आहे. आपल्या सोयीचं तेवढंच सांगायचं नाही म्हणून लिहिते. पण तो उपयोग बेताचा, त्यावरून कुणाचं पॅनेल अडवावं एवढा नक्कीच नाही.

एमबीटीआय तयार केली कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्र रीतसर शिकलेली नव्हती. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगने 1921 मध्ये मांडलेले प्रकार त्यांनी घेतले आणि दुसऱ्या महायुद्धात पहिल्यांदाच कारखान्यांत येणाऱ्या बायकांना आपल्याला जमेल ते काम सापडावं, असा इसाबेलचा एक हेतू होता. बायकांना काम मिळावं म्हणून निघालेली चाचणी माझं काम अडवून बसली होती. उमेदवार गाळण्यासाठी ती वापरू नका, असं ती चालवणारी मंडळी स्वतःच सांगतात. वाक्य शोधायला कष्ट पडत नाहीत, त्यांच्या नियमावलीत आहे.

मग मी तो मेल लिहिला. डिलिव्हरी हेडना, सीसीत एचआर बिझनेस पार्टनर. रडगाणं नाही, बढतीचा हक्क वगैरे भाषा नाही. फक्त तीन प्रश्न. माझ्या रिपोर्टमधल्या कोणत्या गोष्टीवरून होल्ड आहे? पीएमसाठी विशिष्ट टाइप हवा असा नियम कोणत्या मंजूर कागदात आहे? हा होल्ड कोणाच्या नावाने नोंदवायचा? सोबत चाचणीचा तो नियम आणि माझ्या शेवटच्या रिलीजची नोंद जोडली.

तिसऱ्या प्रश्नाने काम केलं असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी हिरवी. कारण नाही, फोन नाही, सॉरी तर नाहीच. त्या मेलला आजतागायत उत्तर आलेलं नाही. डिलिव्हरी हेड मात्र कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "एवढं लिहायची गरज नव्हती, मला येऊन सांगायचंस ना." सर, मी अंतर्मुख आहे, लिहूनच सांगते, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

पॅनेलमध्ये अपेक्षेप्रमाणे पहिलाच प्रश्न, "तुम्ही इंट्रोव्हर्ट आहात, क्लायंटला कसं सांभाळाल?" मी त्यांना आमच्याच एका जुन्या प्रोजेक्टचं सांगितलं. तेव्हाचे पीएम म्हणजे सभा जिंकणारा माणूस. क्लायंट खूश, आठवड्याचा रिपोर्ट कायम हिरवा. याला आमच्यात कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं, आतून लाल. टीममध्ये सगळ्यांना माहीत होतं की पेमेंटचं इंटिग्रेशन वेळेत होत नाही. पण ते सांगायला गेलं की "अरे पॉझिटिव्ह राहा" असं ऐकायला मिळायचं, म्हणून लोक सांगेनासे झाले. आमची टेस्टर, जिला सगळे कटकटी म्हणायचे, तिने बग लॉग करणं सोडलं नाही एवढंच. शेवटी तिचीच यादी घेऊन मी अमेरिकेच्या कॉलवर बसले आणि तारीख पुढे ढकलायला लागेल हे सांगितलं. क्लायंट चिडला. पण मग एक-एक बग समोर घेऊन बोलायला लागला, कारण इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदा खरं काहीतरी हातात मिळालं होतं. माझ्याकडे लोक वाईट बातमी लवकर आणतात, आणि माझ्या मते पीएमला त्याहून मोठं भांडवल लागत नाही. पॅनेलमधल्या एकाने ते वहीत लिहून घेतलं. बाकीचे प्रश्न बजेट आणि बिलिंगचे होते, ते सोपे गेले.

म्हणजे स्वभावाने टीमवर काही फरक पडत नाही, असं माझं म्हणणं नाही. खूप पडतो. 'होऊन जाईल' म्हणणारा आणि 'आधी बघते' म्हणणारी, दोघांना एकाच खोलीत बसवून काम केवढं आहे याचा अंदाज विचारला तर आकडा आधी बोलणाऱ्याचाच येतो. त्यासाठी प्लॅनिंग पोकर आहे, सगळ्यांनी आपापल्या अंदाजाचे पत्ते एकदम उलटायचे. पत्ते उलटल्यावर सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा टाकणाऱ्यांनी आधी बोलायचं. मी पीएम झाल्यावर सुरू केलेली ही पहिली गोष्ट. परवाच आमच्या सगळ्यात गप्प मुलाने इतरांच्या तीनसमोर तेरा टाकला. विचारलं तेव्हा कळलं, त्या मॉड्यूलला हात लावला की रात्रीचा बॅच जॉब अडकतो आणि हे फक्त त्यालाच माहीत होतं.

रिपोर्ट वाचताना एक सावधगिरी बाळगा. त्यातली वर्णनं वाचून 'अगदी मीच' असं होतं, माझंही झालं. बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने 1948 मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना चाचणीचा निकाल म्हणून सगळ्यांना तोच एक मजकूर वाटला होता, भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. किती जुळतो याला पोरांनी पाचपैकी सरासरी चारच्या वर गुण दिले. तेव्हा वर्णन सोडून द्या आणि पट्ट्या बघा, 'किंचित' कुठे लिहिलंय ते शोधा.

आणि सगळ्यात आधी करायचं ते मला सगळ्यात शेवटी आठवतंय. चाचणीची लिंक उघडल्यावर संमतीचं एक पान येतं, ज्याच्या तळाशी आपण न वाचता टिक करतो. टिक करण्याआधी एचआरला एका ओळीचा मेल टाका: हा रिपोर्ट कोण वाचणार आणि कशासाठी वापरणार? 'फक्त डेव्हलपमेंटसाठी' असं उत्तर येईल, सगळीकडे तेच येतं. तो मेल जपून ठेवा, ऑफिसच्या इनबॉक्समध्ये वेगळा फोल्डर करून.