वर्धापन दिन आणि जुन्यांचा सामना

बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांत कबड्डी मंडळांचे वर्धापन दिन सुगी आटपल्यावर ठेवलेले बरे. भात मळून घरात आलेलं असतं, शिवारात मसूर-हरभरा उभा असतो आणि माणसं जरा मोकळी असतात. पुण्या-गोव्याला नोकरीला गेलेले जुने खेळाडू शनिवारी पहाटेच्या बसने उतरतात, घरी पिशवी टाकतात आणि चहा न घेताच मैदानावर येतात. स्टेजचा मंडप अजून उभा राहिलेला नसतो, पण मेळावा इथं सुरू झालेला असतो. कुणी दोरी धरतं, कुणी खुंटी ठोकतं, उरलेले सगळे सल्ले देतात.

मातीचं काम मात्र आठवडाभर आधीच धरावं लागतं. आपल्याकडची माती तांबडी, जांभ्याची. तिच्यातले बारीक खडे गुडघ्याची सालं काढतात, म्हणून चार-पाच इंच उकरून सगळी माती वाळूच्या चाळणीतून काढायची. मग त्यात कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळायचा. नियमपुस्तकातलं मातीचं मैदानही शेणखत आणि भुसा घातलेलंच आहे. भुसा करवतीचा घ्यावा. रंध्याची सालपटं पायाखाली घसरतात. खत मुरलेलं असलं तरी खरचटलेल्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलंच बरं. पाणी आदल्या संध्याकाळी मारायचं. सकाळी मारलं तर वरचं बोटभर चिखल होतं, खालचं कोरडंच राहतं आणि वळताना पाय सटकून गुडघा पिरगळतो. मारलंच नाही तर दुसऱ्या चढाईपासून फुफाटा उडतो आणि जुन्या मंडळींचा उरलासुरला दमही त्यातच जातो.

आखणीत वाद ठरलेला. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. चारही बाजू बरोबर आल्या म्हणजे मैदान चौकोनी झालंच असं नाही, कर्ण मोजायचे. दोन्ही १६.४० मीटर भरले पाहिजेत. एक जास्त आणि एक कमी आला की मैदान तिरकं बसलं म्हणून समजावं. मध्यरेषा साडेसहा मीटरवर, तिथून ३.७५ मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाई करणाऱ्याने ओलांडायचीच ती, आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा, जी ओलांडली की जादा गुण. बोनसच्या मागे अंतिम रेषेपर्यंत १.७५ मीटर उरतात. घोटाळा होतो तो इथं. घाईत कुणीतरी बोनसचा १ मीटर अंतिम रेषेकडून मोजतो, रेषा पाऊण मीटर मागे सरकते आणि दिवसभर बोनस कुणाला मिळत नाही. रेषा फक्कीनेच, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीनेच, माराव्यात. चुना स्वस्त पडतो, पण पकडीत खाली पडलेल्याच्या डोळ्यांत गेला तर सरळ दवाखाना.

जुन्यांचा सामना सत्काराच्या आधी खेळवावा, हे कितीदा सांगितलं तरी पुढारी वेळेवर आले की क्रम उलटा होतोच. दोन तास खुर्चीत बसून भाषणं ऐकलेला पन्नाशीचा गडी थेट चढाईला गेला तर पहिल्याच वळणाला पोटरी धरून बसतो. म्हणून आधी पंधरा-वीस मिनिटं हलकं पळणं, बैठका, घोटे फिरवणं. वेळ २०-५-२०, म्हणजे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटं विश्रांती, अशी ठेवू नये, दहा-दहा मिनिटांचे डाव पुरतात. घोटा पकड आणि साखळी (हातात हात धरून केलेली पकड) दोन्ही बंद. नखं कापलेली, अंगाला तेल नाही, अंगावर दागिना नाही. हे मूळ नियमातलंच. अडचण येते लग्नातल्या अंगठीची. बोट सुजून ती रुतलेली असते. साबणाचं पाणी लावून, अंगठीखालून दोरा ओवून बोटावर वर गुंडाळत न्यायचा आणि मग खालच्या टोकाने उलगडायचा, तेव्हा कुठं सुटते. मैदानाच्या कडेला वाटी, साबण आणि दोऱ्याचं रीळ ठेवणारं मंडळ अनुभवी समजावं.

नाणेफेकीआधी पंचाने दोन्ही संघांना बसवून नियम सांगावेत. जुन्यांनी चढाई केली ती दमावर, एका श्वासात ‘कबड्डी’ म्हणत; २०१४ नंतर प्रो कबड्डी पाहून खेळायला आलेल्या पोरांना ३० सेकंदांचं घड्याळ आणि 'करो या मरो'ची (दोन रिकाम्या चढायांनंतर गुण घ्यायचाच, नाहीतर बाद) तिसरी चढाई तोंडपाठ. त्यात बोनसला समोर किमान सहा बचावपटू लागतात हे कुणीतरी विसरतोच. मग कडेवरून आरडाओरडा, ‘धर धर’ आणि त्याचंच कानडी ‘हिडी हिडी’ एकाच तोंडातून. ‘काय गा, दम संपला काय?’ हा प्रश्न मात्र दरवर्षी सुटलेल्या पोटाच्या माणसालाच विचारला जातो आणि तोच हमखास एक पकड करून दाखवतो.

दिवंगत खेळाडूंना श्रद्धांजली सामन्याआधी मैदानातच, सगळ्यांनी उभं राहून. ढाली, जुने फोटो, १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला तेव्हाची कात्रणं एका टेबलावर मांडली की तिथली गर्दी हलत नाही. फोटोंच्या मागे नावं लिहून घ्यायचं काम याच दिवशी उरकावं. ओळखणारे एरवी एकत्र सापडत नाहीत.

भाषणांबद्दल काय सांगावं. पाच पुरतात.

जेवणात मटण असेल तर माणशी दीडशे ग्रॅम धरावं, भाकरी असतील तर शंभर माणसांना सात-आठ किलो तांदूळ भरपूर झाला. गोड म्हणून कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, माणशी एक चमचा. पंगत मैदानावर मात्र बसवू नये. तेल-रस्सा मातीत मुरतो आणि वास धरून कुत्री रात्रभर उकरतात. खुर्च्याही मातीवरून ओढायच्या नाहीत, उचलून न्यायच्या. सोमवारी संध्याकाळी पोरांचा सराव त्याच मैदानावर असतो.