बेळगावची हवा चांगली आहे म्हणे

थंडी सुरू झाली की कुणी ना कुणी मला मोबाइलचा स्क्रीनशॉट पाठवतंच. बेळगावचा एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब ते सांगणारा आकडा, हिरवा नाहीतर फिकट पिवळा, आणि खाली लिहिलेलं की बघ दिल्लीवाल्यांचं काय चाललंय आणि आपण कसे मजेत, मग तू इकडं काय करालीस गं? प्रश्न रास्त आहे. माझं काम पब्लिक हेल्थमधलं, वणव्याचा धूर, उसाच्या पाचटाचा म्हणजे वाळक्या पाल्याचा धूर, चुलीचा धूर, आणि त्यानं माणसाच्या छातीचं काय होतं ते बघायचं. आमचे मामा पाव्हण्यांना सांगतात "ती पोल्युशनमधे आहे", पीडब्ल्यूडीमधे असल्यासारखं.

तर तो हिरवा रंग. आपल्या देशाच्या मापात पीएम 2.5, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, तीसपर्यंत असले की हवा "चांगली", हिरवी. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली चोवीस तासांची मर्यादा खाली आणून 15 केली, मायक्रोग्रॅम दर घनमीटरला. म्हणजे आपली हिरवी हवा त्यांच्या मर्यादेच्या दुप्पट असू शकते आणि तरी हिरवीच दिसते. पण ते एक राहू दे बाजूला, माझं खरं भांडण वेगळं आहे. तो आकडा शहरातल्या एखाद्या मशीनचा असतो नाहीतर उपग्रहावरून काढलेला अंदाज, आणि आमच्या जिल्ह्यातला धूर तिथं नसतोच मुळी. तो अथणी, रायबाग, चिकोडीच्या उसात असतो, खानापूरच्या रानाच्या कडेला असतो, आणि सगळ्यात जास्त न्हाणीतल्या चुलीपुढं असतो.

उसाचं आधी सांगते. गळीत हंगाम सुरू झाला की फड पेटायला लागतात. काही जण तोडीच्या आधीच पेटवतात कारण पाल्यानं हात कापतात, आत साप असतो, ऊसतोड मजुरांची टोळी म्हणते जळका असेल तर लवकर तोडू, आणि काही जण तोड झाल्यावर पाचट पेटवतात कारण खोडव्याला, म्हणजे त्याच बुडख्यांतनं परत फुटणाऱ्या उसाला, पाणी द्यायचं असतं आणि सरीत पाचट आडवं येतं. हे बऱ्याचदा संध्याकाळी वारा पडल्यावर करतात, आग शेजारच्याच्या फडात जाऊ नये म्हणून, जे शहाणपणाचंच आहे. पण गोची अशी की थंडीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची जरा उबदार राहते, मग धूर वर जात नाही, झाकण ठेवल्यासारखा गावावरच बसून राहतो, सकाळी ऊन चढेपर्यंत. आणि आग शोधणारे जे उपग्रह आहेत त्यातला सगळ्यात बारीक बघणारा आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडला जातो. एकराचा फड संध्याकाळी सातला पेटवला तर साडेसातला राख. नकाशावर काहीच नाही. मी कितीदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी आग बघून घरी येऊन नकाशा उघडलाय आणि तालुका एकदम स्वच्छ!

टोळीवाले बीडकडनं आलेले असतात, त्यांची कोपी म्हणजे झोपडी फडाच्या शेजारीच, पोरं तिथंच झोपतात. त्यांच्या नाकाशी किती धूर हे कुठल्याच ॲपवर येत नाही.

शेतकऱ्याला शिव्या घालणाऱ्या पोस्ट मला आवडत नाहीत, हे इथंच सांगून टाकते. पाचट सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले की जमीन सुधारते, पाणी कमी लागतं, हे बऱ्याच जणांना माहीत आहे आणि करतातही. पण तोडीची तारीख कारखान्याच्या हातात, मजूर मिळत नाही, आणि एक काडी ओढली की काम फुकटात होतं. तिथं नुसतं प्रबोधन काय करणार.

आता वणवा. आमच्याकडं फेब्रुवारी ते मे, जांबोटी, कणकुंबी, भीमगडच्या बाजूला. मार्च 2023 मधे पलीकडं गोव्यात म्हादई अभयारण्यात बरेच दिवस आगी चालल्या होत्या ते आठवत असेल. कॅलिफोर्नियाचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं वणवा म्हणजे झाडाच्या शेंड्यापर्यंत ज्वाळा. इथं बहुतेक आग जमिनीवरनंच सरकते, पाचोळा, वाळलेलं गवत, पडलेलं लाकूड. ती धडाडून पेटत नाही, धुमसत राहते, आणि आरोग्याच्या बाजूनं बघितलं तर धुमसणं जास्त वाईट, कारण अर्धवट जळलं की तेवढ्याच लाकडातनं जास्त कण आणि जास्त कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. बहुतेक आगी माणसानंच लावलेल्या. कुणाला नवं गवत पाहिजे, कुणी मध काढायला गेलेलं, कुणी बिडी टाकली. फॉरेस्टवाले जाळरेषा काढतात, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून पट्टा मोकळा करतात, पाल्याच्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात, तोंडाला रुमाल. रुमालानं पीएम 2.5 अडत नाही हो! केसाच्या तिसाव्या भागाएवढा कण तो, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातो, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात, म्हणून धुरानं नुसता खोकला नाही तर हार्ट अटॅकही वाढतात.

वणव्याचा धूर गाडीच्या धुरापेक्षा वाईट का, हे मला नेहमी विचारतात. दक्षिण कॅलिफोर्नियातला 2021 चा एक अभ्यास आहे, चौदा वर्षांचे हॉस्पिटलचे आकडे घेतलेले. पीएम 2.5 दहा मायक्रोग्रॅमनं वाढलं तर श्वासाच्या आजारासाठी ॲडमिट होणारे, वणव्याचा धूर असेल तर साधारण 1.3 ते 10 टक्के वाढतात, आणि बाकीच्या धुराला 0.67 ते 1.3 टक्के. अमेरिकेतल्याच मोंटानातलं सीली लेक म्हणून गाव आहे, 2017 च्या उन्हाळ्यात तिथं जवळजवळ 49 दिवस धूर कोंडला होता, आणि पुढच्या वर्षी तपासलं तेव्हा लोकांची फुप्फुसाची ताकद आणखी उतरलेली, धूर जाऊन वर्ष झालं तरी! हे आकडे जसेच्या तसे खानापूरला लावायचे नाहीत. तिथं धूर काही आठवडे येतो आणि जातो, इथं बाईच्या आयुष्यातनं जातच नाही.

म्हणून मला कर्क स्मिथ फार जवळचे वाटतात. अमेरिकन माणूस, 1981 च्या सुमारास गुजरातच्या खेड्यांत आला आणि स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटे पंप लावून त्यांच्या नाकाशी किती धूर ते मोजलं. त्या काळात प्रदूषण म्हणजे कारखान्याची चिमणी, चुलीकडं कोण बघतंय. आकडे मोठ्या शहरांच्याही पुष्कळ पुढं निघाले. स्मिथ 2020 मधे वारले. माझ्या सगळ्या कामाचं मूळ तिथंच आहे, मोजायचं तर माणसाजवळ मोजा.

आमच्याकडं आता घरोघरी गॅस आहे, उज्ज्वला 2016 पासून. चहा गॅसवर, भाजी गॅसवर. पण आंघोळीचं पाणी? हंडाभर पाणी गॅसवर कोण तापवणार! न्हाणीत चूल, त्यात चिपाडं, काटक्या, शेणी, मिळेल ते, आणि पेटवणारी घरातली म्हातारी. सर्व्हेत "स्वयंपाकाचं इंधन कोणतं" विचारलं की उत्तर गॅस, आणि ते खरंच असतं. एक काकू मला म्हणाल्या, "मी जन्मात बिडी ओढली नाही, डॉक्टर म्हणतो सिगारेटवाल्यासारखी छाती झालीया." दवाखान्याच्या कागदावर दमा लिहिलेलं. आमच्याकडं सगळ्याला दमाच म्हणतात, सीओपीडी, म्हणजे धुरानं श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, कुणी सांगत नाही, त्यासाठी फुंकून घ्यायचं मशीन लागतं आणि ते लहान दवाखान्यांत सहसा नसतं.

मशीनवरनं आठवलं. स्वस्तातले लेझरचे सेन्सर असतात ना, ते कणावर उजेड पाडून मोजतात. जुलैत कणकुंबीला लावला तर तो धुक्याचे थेंबही मोजतो, भर पावसात आकडा दिल्लीसारखा. म्हणून सोबत फिल्टर लागतो, आधी वजन करायचं, हवा ओढून परत वजन करायचं. फिल्टरवर लेव्होग्लुकोसान सापडलं की पक्कं, काहीतरी लाकूड-पाला जळलाय, कारण ते सेल्युलोज जळल्यावरच तयार होतं, डिझेलमधनं येत नाही.

सरकारी स्वच्छ हवा कार्यक्रम 2019 पासून आहे. वर कोल्हापूर यादीत, खाली हुबळी-धारवाड यादीत, मधे आम्ही नाही. असतो तरी ती यादी शहरांचीच, फड आणि न्हाणी त्यात बसत नाहीत.

असो. ज्यांना आत्ता काय करायचं ते पाहिजे त्यांच्यासाठी: शेजारी फड पेटला तर त्या बाजूच्या खिडक्या लावा, सकाळचं फिरणं ऊन आल्यावर, वणव्यावर जाणाऱ्यानं एन 95 मास्क घट्ट बसवून, आणि जमलं तर न्हाणीत सोलर नाहीतर हीटर, म्हातारीसाठी. आणि या हंगामात कुणाच्या न्हाणीजवळ भिंतीवर एक छोटं मशीन लावायला चालत असेल तर मला कळवा, विशेषतः रायबाग-अथणीकडचे. लाइट झिरोच्या बल्बएवढीसुद्धा लागत नाही, घरातल्या मोठ्यांना आधी विचारा मात्र, मागच्या खेपेला एका आजोबांना वाटलं कॅमेरा आहे.