सहा-सहा-सहा-चार

आज सोसायटीतल्या पोरांकडून कविता लिहून घेतल्या. 'यमक जुळवा' म्हटलं की सगळे फूल-मूलवर येऊन अडतात, म्हणून थेट देवद्वार छंद काढला. पहिल्या तीन ओळींत सहा-सहा अक्षरं, चौथीत चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या ओळीचं यमक. लघु-गुरूची भानगड नाही. जोडाक्षर एकच धरायचं. हरिपाठाची सुरुवात याच मापाची. त्यामुळे घरी रोज हरिपाठ होणाऱ्या एका मुलीला चाल आधीच पाठ होती. तिने टाळ्यांवर ती सगळ्यांना धरून दिली, माझं निम्मं काम तिथेच झालं.

मग बोटांवर मोजणं सुरू. 'मोबाईल' चार अक्षरी की तीन, यावर चांगलंच भांडण झालं. (चारच!) खरी गोची चौथ्या ओळीची, चार अक्षरांत आवरायचं म्हणजे मोठ्यांनाही जड. भांडणाऱ्याच पठ्ठ्याने शेवटी हे लिहिलं:

वीज गेली रात्री
मोबाईल बंद
आजीला आनंद
गप्पा झाल्या

आजी बाकावरच होत्या. म्हणाल्या, "आता बाबा इन्व्हर्टर घेणारेत, त्यावर पण लिही एक."