खिळा

आज कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला तीन तास हिंडले. घरी सांगितलं, ड्रेस मटेरियल आणायला चाललेय. (दोन आणलीसुद्धा!) खरं कारण म्हणजे महिनाभर अडलेली कथा.

१९४३ ते १९४८ या काळात इथे वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने घरातून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलेली. तिथून इराण, कराची करत कोल्हापूर. माझी नायिका त्यांतलीच. सोबत पाच वर्षांची पोरगी, नवऱ्याचा पत्ता नाही. इथवर सगळं लिहून झालं होतं. पण बराकीतल्या खोलीत पहिल्या दिवशी ती करते काय? तिथंच गाडी अडायची. रडते, असं लिहिलं आणि खोडलं. इतका प्रवास करून आलेली बाई आधी चूल बघेल की नाही?

फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी कुटुंबं आली, तेच आजचं गांधीनगर. कापड मोजता मोजता दुकानातले आजोबा म्हणाले, "आई सांगायची, खोलीत आलो तर भिंतीला खिळा तसाच होता. तिने पहिली पिशवी त्यालाच अडकवली."

मी पैसे द्यायचेच विसरले. त्यांनी हाक मारली तेव्हा कळलं.

परतताना केएमटीच्या बसमध्ये बसून बिलाच्या मागे लिहिलं: ती दगड शोधते, भिंतीत खिळा ठोकते आणि पोरीचा ओला फ्रॉक त्यावर टांगते.

नाव अजून सुचलेलं नाही बाईचं.